केदारखेड्याचा हशा

माझ्या बाबांच्या एका मित्राइतका जालना जिल्हा कुणालाच ठाऊक नव्हता. रस्ते आणि नद्या त्यांना विचारू नयेत. शहागडला गोदावरी कोणत्या अंगाला आहे, हेसुद्धा ते चुकीचं सांगतील. पण कोणत्या गावाला हसायला किती वेळ लागतो, हे ते झोपेतही सांगत. शहागड हमरस्त्यावरचं, तिथली माणसं विनोद पुरा व्हायच्या आधीच हसून मोकळी होतात. कुंभार पिंपळगाव बाजाराच्या दिवशी खळखळून हसतं, एरवी जपून. आणि केदारखेडा? "तिथं माणूस आधी शेजाऱ्याकडं बघतो, मंग हसतो. तेवढं थांबायची हिंमत पाह्यजे." मला मात्र ते केदारखेड्याच्याही पलीकडे धरत. मी हसू आलं की तोंडावर हात ठेवायची. "इंग्रजी शाळेत हसायचं शिकवतच न्हाईत काय गं?" असं विचारून ते माझ्या उत्तरासाठीही थांबत, आणि मी पाणी आणायच्या निमित्ताने आत पळायची.

हे काका बियाण्यांच्या कंपनीत नोकरीला होते, पण ते फक्त पगारापुरते. उरलेलं सगळं आयुष्य एका संगीत विनोदी नाटकातल्या सासऱ्याचं होतं. त्यांच्याच मंडळींनी रचलेलं हे नाटक जिल्हाभर चालायचं. त्यात जावयाच्या खोडी सांगणारं सासऱ्याचं एक पद होतं आणि त्याला वन्समोअर ठरलेला. पण तेच पद पुन्हा गाणं काकांना कमीपणाचं वाटे. लोकांनी परत बोलावलं तर शिळं कसं वाढायचं? दुसऱ्या वेळी त्यात त्या गावातल्या जावयांच्या ताज्या खोडी येत. त्यासाठी ते दुपारीच चहाच्या टपरीवर बसून चौकशी करत. काही जावई म्हणे नाटकाच्या तारखा विचारूनच सासरी येत.

मग त्यांच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशननंतर आवाज राहणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. काकूंनी देव, वैद्य, दुसरे डॉक्टर सगळं करून पाहिलं. काका मात्र आमच्याकडे येऊन म्हणाले, "आवाज हाये तवर नाटकाचा पिच्चर करून घेऊ. ही पोरगी बोलत न्हाई, कॅमेऱ्याच्या मागं बराबर शोभंल."

माझ्या फोनवर, कापसाच्या बंद पडलेल्या जिनिंगच्या आवारात आम्ही चित्रीकरण सुरू केलं. पहिल्याच विनोदानंतर काका अडले.

"हा पिच्चर कोणत्या गावासाठी करून राह्यलो आपण?"

"सगळ्यांसाठी, काका."

"मंग मी थांबू किती?"

बराच विचार करून त्यांनीच ठरवलं की केदारखेड्याएवढं थांबायचं. घाईची गावं पुन्हा हसतील. म्हणून त्या सिनेमात प्रत्येक विनोदानंतर सासरा भुवया उंचावून रिकाम्या आवाराकडे बघत उभा आहे. जोडताना मी त्यातलं काही कापलं नाही.

ऑपरेशन झालं. बरं वाटू लागल्यावर काकांनी गावांच्या यादीत पहिल्या खेळाचं गाव बोट ठेवून दाखवलं. केदारखेड्याच्या शाळेत पांढरी चादर बांधली. काका गळ्याला मफलर गुंडाळून पुढे बसले, मी मागे लॅपटॉपपाशी. चादरीवरचा सासरा थांबे, लोक शेजाऱ्याकडे बघत, आणि हशा नेमका त्या जागेत येऊन बसे. प्रत्येक वेळी काकांची मान किंचित हले.

पद संपलं आणि कुणीतरी सवयीने ओरडलं, "वन्समोअर!" मला दुसरं काही सुचलं नाही; मी पद मागे नेऊन पुन्हा लावलं. तेच शब्द, त्याच जागी घेतलेला श्वास. काकांनी मान जोरात नकारार्थी हलवली. मग ते उठले आणि चादरीपुढे जाऊन उभे राहिले.

मागे सासरा जुन्याच खोडी गात होता. पुढे काकांनी हाताने नवा जावई उभा केला: मोबाइलमध्ये बघत चालणारा, भिंतीवर आदळून तिलाच सॉरी म्हणणारा. ओठ हलत होते, आवाज नव्हता. पद संपलं. दोघांनीही भुवया उंचावल्या आणि थांबले.

कुणी हसेना. हसावं की नाही, कळत नव्हतं. लोकांनी एकमेकांकडे बघितलं. मग मागच्या रांगेतून हशा फुटला आणि पुढे सरकत गेला.

काकांनी वाकून नमस्कार केला. तेवढ्यात चादरीवर त्यांचाच आवाज पुढचं वाक्य बोलला, आणि आपल्याला कुणी हाक मारावी तसे ते चटकन मागे वळले.