टाचेची चीर आणि पिण्याचा हंडा

मिठात राबणाऱ्या माणसाची जखम मिठानंच बरी होते, असं तुम्हीही मानता का? आमच्या राई गावात सगळे मानत. एकोणीसशे सत्तरच्या आसपास माझी आत्या मुर्ध्याच्या मिठागरावर मिठाच्या टोपल्या वाहायची. पाय चिरला की खाऱ्या पाण्यात बुडवायचा, तंबाखू-चुना मळून चिरेत भरायचा आणि पुन्हा टोपली डोक्यावर घ्यायची, ही तिथली रीत. कुरकुर करणारी बाई दुसऱ्या दिवशी कामावर नसे.

त्या उन्हाळ्यात बांधावरून उतरताना आत्याचा पाय चिखलातल्या कालवाच्या शिंपल्यावर पडला. टाचेजवळ बोटभर चीर गेली. सकाळची शाळा सुटल्यावर मी तिची भाकरी घेऊन पोचले, तेव्हा ती तळहातावर तंबाखू मळत बसली होती.

वडील मजुरांच्या सभांतून पत्रकं आणत. त्यांवरच मी वाचायला शिकले. त्यांत एक प्रथमोपचाराचं होतं, ते मला पाठ होतं. मी सांगून टाकलं: जखम आधी स्वच्छ पाण्यानं आणि साबणानं धुवायची, तंबाखू भरायची नाही, धुतलेलं फडकं बांधायचं, धनुर्वाताची सुई घ्यायची.

"आली गो डागतरीन बाय!" एक बाई म्हणाली. बाकीच्या हसल्या.

"पानी कंचा घेव?" आत्यानं विचारलं.

मी सावलीतल्या हंड्याकडे बोट दाखवलं.

"त्यो प्यावाचा हाय. आमी बारा जनी हाव. टाचेला पाजू, नं यांना काय मीठ चाटवू?"

ठेकेदार दिवसाला गोड्या पाण्याचा तेवढा एकच हंडा पाठवी. तो निम्मा झाला होता आणि ऊन डोक्यावर होतं. यावर काय करायचं, ते पत्रकात नव्हतं. गावच्या विहिरीवर जाऊन तांब्याभर पाणी मला आणता आलं असतं. मी आणलं नाही. आत्यानं तंबाखू भरली.

चौथ्या दिवशी तिचा पाय घोट्यापर्यंत सुजला, अंगात ताप भरला. वडिलांनी तिला बैलगाडीतून भाईंदरला डॉक्टरकडे नेलं. मी सोबत होते. डॉक्टरांनी चिमट्यानं आतला चिखल आणि तंबाखूचा काळा लगदा काढला, सुई दिली.

"पाय वाचेल का, ते दोन दिवसांनी सांगतो," ते म्हणाले.

आत्या वडिलांना म्हणाली, "दादा, पाय गेला तं मना कामावर कोन उभी करल?"

वडिलांनी तिला उचलून गाडीत बसवलं.

डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे आई पाणी उकळून निववायची, सकाळ-संध्याकाळ जखम धुवायची, उन्हात वाळवलेलं सुती फडकं बांधायची. सूज उतरली. पाय राहिला, पण त्या हंगामात आत्या मिठागरावर गेली नाही.

या गोष्टीला कोणी आत्याचा अडाणीपणा म्हटलं तर मला ते मान्य नाही. बारा बायकांना एक हंडा पाठवणाऱ्यानं त्यांची तहान मोजली होती, जखम मोजली नव्हती. तुमच्या शेतावर, कारखान्यात, बांधकामावर कुणी राबत असेल, तर उद्याच तिथं साबण, धुतलेली फडकी आणि झाकलेलं स्वच्छ पाणी फक्त जखमांसाठी ठेवा. आणि ते वापरणाऱ्याला कोणी बोलणार नाही, हे तिथं उभं राहून स्वतःच्या तोंडानं सांगा.