सुकदेव आप्पांचा उजवा कान

डिंडोलीत बोलवा अशी, की सुकदेव आप्पा कॉम्प्युटरच्या कानात मंत्र टाकतात. नळावरच्या बायका त्यात लिंबूही घालतात.

खरी गोष्ट उलटी आहे. कान आप्पांचा, आणि तो ते कॉम्प्युटरच्या डब्याला लावतात, कारण तेवढा एकच उरलाय. बावीस वर्षं उधन्याच्या कारखान्यात लूमची, म्हणजे यंत्रमागांची, खटाखट ऐकून डावा कायमचा रजेवर गेला. उजव्याबद्दल डॉक्टर म्हणाले, "आणखी दोन वर्षं लूमवर काढा, हाही जाईल." मग बायकोचं बोलणंही ऐकू येणार नाही. शोभाबाई म्हणतात, "आत्ता तरी कुठं येतं?"

म्हणून कारखान्याच्या मालकांनी, कनुभाई शेठनी, त्यांना लूमवरून उचलून ऑफिसच्या थंड खोलीत सर्व्हर राखायला बसवलं, तेव्हा आप्पांनी गल्लीत पेढे वाटले. सर्व्हर दोन वर्षं रात्रंदिवस चालू. कारखान्याच्या सगळ्या ऑर्डरी त्याच्या पोटात. आप्पांनी बॅकअपची टेप बदलायची, धूळ पुसायची, आणि चहाचा कप घेऊन कुणाला आत येऊ द्यायचं नाही.

शहाण्णव सालची दिवाळी आली. शेठचा नेम असा, की लक्ष्मीपूजा झाली की लाभपाचमपर्यंत, म्हणजे नव्या वर्षाचा धंदा उघडेपर्यंत, कारखान्यात एकही चाक फिरता कामा नये.

आप्पा म्हणाले, "शेठ, याला नका बंद करू. लूम इतके दिवस थांबलं की जाम होतं. हेही होईल."

"अरे सुकदेव, आ लूम नथी, कॉम्प्युटर छे!" शेठ म्हणाले, आणि आप्पांच्याच हातानं बटण बंद करवलं.

अख्खी डिंडोली शेठच्या बाजूनं. त्यात आप्पांची नक्कल करून गल्लीत नाव कमावलेले प्रस्तुत लेखकही होते. त्यांनी आप्पांशी पैज मारली, "बटण दाबलं की चालू होणार म्हणजे होणार. नाही झालं, तर तुमची नक्कल तुमच्यासमोर करेन."

लाभपाचमला सकाळी शेठनी सर्व्हरला कुंकू लावलं, नारळ ठेवला, मुहूर्त साधून बटण दाबलं. पडद्यावर आकडे धावले, आणि मग एक पांढरी रेघ लुकलुकत बसली. बसली ती बसलीच. शेठनी पुन्हा हात जोडले, पुन्हा दाबलं. पुन्हा तीच रेघ.

टाय लावलेला इंजिनियर आला. रेघेकडे बघून म्हणाला, "सॉफ्टवेअर उडी गयुं. बधुं फरी नाखवुं पडशे. चार दिवस." म्हणजे सगळं पुन्हा भरायचं, आणि तोवर ऑर्डरी बंद.

बाहेर वर्षाच्या पहिल्या ऑर्डरी घेऊन व्यापारी बसलेले. शेठ आप्पांकडे वळले. "बंद तो तें ज कर्युं ने? बार वाग्या सुधी चालू नहीं थाय, तो काले लूम पर!" मुदत बारा वाजेपर्यंतची, नाहीतर उद्यापासून लूम. बंद करायला कुणी सांगितलं, हा विषय कुणी काढला नाही. सणाचा दिवस होता.

आप्पांचा हात आपोआप उजव्या कानावर गेला. मग ते ओरडले, "सगळे गप बसा!"

बहिरा माणूस मोठ्यानंच बोलतो, म्हणून शेठनी मनावर घेतलं नाही. आप्पांनी डब्याला कान टेकला. डब्यातला वरचा पंखा घोंघावत होता. त्याच्याखाली डिस्कची जाड घरघर हवी, ती नव्हती.

"आतली चकती फिरतच नाही. जाम धरलीय."

"काका, ए चरखो नथी," इंजिनियर हसला.

"चरखा असता तर तुम्हाला बोलावलं नसतं."

लूमवरचा साधा शिरस्ता आहे. सुट्टीनंतर मोटार चालू करण्याआधी चाक हातानं सोडवायचं. आप्पांनी वीज काढली, झाकण उघडलं, डिस्क सोडवून तळहातांत आडवी धरली, आणि बरणीचं घट्ट झाकण फिरवावं तसा मनगटाला झटका दिला. वर गावाकडच्या बोलीत म्हणाले, "ऊठ रे भो, दिवाई सरनी!" म्हणजे ऊठ भाऊ, दिवाळी संपली. दारातल्या चिंधा शिपायानं हे ऐकलं, आणि डिंडोलीत मंत्र पोचला तो त्याच्याच तोंडून.

आप्पांनी डिस्क जोडली, बटण दाबलं, कान टेकला. पडद्यावर काही उमटायच्या आधीच ते हसले.

"मने पहेलेथी डाउट हतो," इंजिनियर गंभीरपणे म्हणाला, आणि सगळं घाईघाईनं टेपवर उतरवून घेऊ लागला. शेठनी नारळ फोडला. अर्धा सर्व्हरपुढं ठेवला, आप्पांना एक तुकडा दिला, आणि म्हणाले, "खोलीत ज बेसजे." लूम टळलं.

संध्याकाळी गल्ली आप्पांच्या ओट्यावर जमली. पैजेप्रमाणे प्रस्तुत लेखकांनी कमरेत वाकून पत्र्याच्या डब्याला कान लावला, मनगटाला झटका दिला, "ऊठ रे भो" म्हटलं. शोभाबाई पदरात तोंड लपवून हसल्या. आप्पा उजवा कान पुढं करून शेवटपर्यंत ऐकत बसले.

"आवाज वाढव, पोऱ्या," ते म्हणाले. "मी एवढा हळू कधी बोलतो?"