तिसरा कौल

माझी भाची निशिगंधा अकरावीपासून शिवाजी पेठेत आमच्याकडेच राहिली. घरातली पोरं फुटबॉलवरून भांडत असायची आणि ही कोपऱ्यात बसून जपानी अक्षरं गिरवायची. कशाला, म्हणून विचारलं तर म्हणायची, "मामा, त्यांच्या गोष्टी मला त्यांच्याच भाषेत वाचायच्यात." मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण पोरीचा अभिमान वाटायचा.

दिल्लीच्या कॉलेजात तिला जपानी साहित्याला प्रवेश मिळाला आणि घरात वादाला तोंड फुटलं. तिचे वडील, आमचे कोडोलीचे दाजी हंबीरराव, पुण्याच्या वर्षभराच्या भाषेच्या कोर्सवर अडून बसले. तो केला की कागलच्या एमआयडीसीत दुभाष्याची नोकरी, आणि पोरगी रोज संध्याकाळी घरी. दिल्लीची जागा शुक्रवारी संध्याकाळपर्यंतच राखून ठेवली होती. शुक्रवारी सकाळी दाजी म्हणाले, "देवाला कौल लावू. त्यो सांगंल तसं."

निशिगंधा लगेच तयार झाली. देवाचं मला माहीत नाही, बापावर तिचा पक्का भरवसा होता.

गावदेवाच्या देवळात जोतीराम गुरवानं मूर्तीला दोन ओल्या कळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली तर दिल्ली, डावी पडली तर पुणे. थोड्या वेळानं उजवी पडली. पोरीनं माझा हात घट्ट धरला.

"पाणी कमी पडलं असंल. परत लाव," दाजी म्हणाले.

परत उजवीच पडली.

"ह्या खेपंला उजवी जरा दाबून लाव की."

जोतीरामनं मान खाली घातली आणि दाबून लावली. डावी पडली. दाजींनी लगेच हात जोडले. माझं डोकंच फिरलं. देवळात आवाज चढवू नये, पण मी चढवला. "दाजी, देवालाबी फसवताय व्हय?"

निशिगंधा बाहेर जाऊन पायरीवर बसली. रडलीसुद्धा नाही, त्याचीच मला भीती वाटली.

दाजी तिच्याशेजारी टेकले. म्हणाले, "एवढ्या लांब तुला कोण हाय गं? आजारी पडलीस तर? पर तुझ्या तोंडावर न्हाय म्हणवंना मला."

"मग व्हय म्हणायचं होतं की, अप्पा."

संध्याकाळ व्हायला अजून बराच वेळ होता.