पुरात न गेलेल्या कॅसेटी

अण्णा, माझा थोरला भाऊ, गेल्यावर पंधराव्या दिवशी एक मुलगी घरी आली. ती चेन्नईच्या शोळिंगनल्लूर भागात नोकरी करते आणि सुटीच्या दिवशी बँडमध्ये गिटार वाजवते. अण्णाची एक कॅसेट प्रतीवरून प्रत होत तिच्यापर्यंत पोचली होती. ती ऐकून आपण वाजवणं नव्यानं शिकलो, असे आणखीही बरेच जण आहेत, असं ती तमिळमध्ये सांगत होती.

आमच्या लेखी अण्णा गिंडीच्या कारखान्यातला फिटर होता. लेथ यंत्राच्या घरघरीवर तो गिटार वाजवी, तारांमध्ये स्क्रू अडकवी आणि ते सगळं कॅसेटींवर भरून ठेवी. एकदा लोकांसमोर वाजवायला बसला तेव्हा निम्मं सभागृह उठून गेलं. उठणाऱ्यांत मीही होते.

"बाकीच्या कॅसेटी असतील ना, अक्का?" तिनं विचारलं.

दोन हजार पंधराच्या पुरात गेल्या, असं मी सांगितलं. चेन्नईत यावर कुणी पुढचं विचारत नाही. तिच्याही घरात तेव्हा पाणी शिरलं होतं. तिनं माझा हात धरला.

आमच्या दुसऱ्या मजल्यावर पाणी आलंच नव्हतं. त्याच्या कितीतरी वर्षं आधी त्या कॅसेटींवर मी आईची रामनवमीची भजनं भरली होती. तंजावरची ती मराठी पदं आईबरोबर संपतील ही भीती खरी होती, पण कोऱ्या कॅसेटी कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत होत्या. पुसलं जाऊ नये म्हणून अण्णानं प्रत्येक कॅसेटच्या कडेचे प्लास्टिकचे तुकडे मोडून ठेवले होते. मी त्या खाचांवर चिकटपट्टी लावली, म्हणजे पुन्हा भरता येतं. नीट मापून, कापून. गोंगाटच तर होता, असं तेव्हा वाटलं.

नंतर त्यानं त्यातली एक शेवटपर्यंत ऐकली. "आईचा आवाज चांगला आलाय," एवढंच म्हणाला.

चार दिवसांपूर्वी त्या मुलीचा निरोप आला. उरलेली ती एक कॅसेट तिच्या बँडचे लोक प्रसिद्ध करताहेत. सोबत अण्णाविषयी पानभर मजकूर मी लिहावा, त्यात पुराचंही यावं.

तीन दिवस कारखाना, लेथ, स्क्रू असं लिहीत राहिले. पुराची जागा कोरी ठेवली. आज सकाळी तिथं लिहिलं, बाकीच्या कॅसेटी त्यांच्या बहिणीनं चुकून पुसल्या. मग 'चुकून' खोडलं आणि पान पाठवलं.

दुपारी उत्तर आलं. तसंच छापतो, असं होतं. पुढे आणखी काही असेल म्हणून मी फोनवर खाली सरकवून पाहिलं. काही नव्हतं.