तापाचा पहिला दिवस

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते. कॉलेज मोबाईलवर आणि मी बुलढाणा जिल्ह्यातल्या धाडजवळच्या आमच्या गावात. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे बाबा आजारी पडले तेव्हा औषधं आणि बोटाला लावून ऑक्सिजन मोजायचं यंत्र आपोआप माझ्याकडे आलं.

बाबा गवंडी. गुरुवारी ते कामावर गेले नाहीत. मी वहीत लिहिलं : पहिला दिवस. शनिवारी धाडच्या डॉक्टरांनी विचारलं, "ताप येऊन कितवा दिवस?" मी पटकन म्हणाले, "तिसरा." ते म्हणाले, "पहिले पाच दिवस बहुतेकांचे सारखेच जातात. सहाव्यापासून डोळ्यांत तेल घालून बघ. चौऱ्याण्णवच्या खाली गेलं तर लगेच फोन कर." कॅलेंडरवर मी मंगळवारला खूण केली आणि निर्धास्त झाले.

बाबांना त्या यंत्राची गंमत वाटायची. "किती मार्क पडले मले?"

"पंच्याण्णव."

"तुह्यापरीस जास्तच हायेत."

रविवारी सकाळी मात्र आकडा एक्याण्णव आला. मी फोन केला नाही. माझ्या हिशेबानं तो चौथाच दिवस होता, इतक्या लवकर काही होणार नव्हतं. मला वाटलं, सिमेंटनं बाबांची बोटं टणक झाली आहेत, यंत्राला कळत नसेल. मी कोमट पाण्यानं बोट धुतलं, पुसलं, पुन्हा लावलं. एक्याण्णव. माझ्या बोटाला लावलं तर अठ्ठ्याण्णव. मग माझी खात्रीच झाली की दोष बाबांच्या कातडीचा आहे. तरी खबरदारी म्हणून मी त्यांना पालथं झोपवलं आणि दर तासाला वेगळ्या बोटाला यंत्र लावत राहिले.

दुपारी त्यांचं बोलणं दोन-दोन शब्दांवर तुटायला लागलं. आकडा शहाऐंशी. मी रडकुंडीला येऊन आईला म्हणाले, "आज तर चौथाच दिवस आहे."

आई दारात बसली होती. म्हणाली, "चौथा कसा? ताप तं सोमवारपासूनच होता. गोळी खाऊन कामावर जाऊन राह्यले होते."

"मग मला सांगितलं काऊन नाही?"

"कामावर जानाऱ्या मानसाले बिमार कसं म्हनावं, माय?"

तिचं काही चुकलं नव्हतं. आमच्या घरात माणूस अंथरूण धरतो तेव्हापासूनच त्याचा आजार मोजतात. मीही तसाच मोजला होता. म्हणजे शनिवारीच सहावा दिवस होता.

शेजारच्या काकांनी जीप काढली. बुलढाण्याच्या दवाखान्यात दारातच एका डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कितवा दिवस?" मी म्हणाले, "सातवा." आकडा पाहून त्या म्हणाल्या, "सकाळीच आणायचं होतं." त्यांचा आवाज रागाचा नव्हता. रोज अनेकांना तेच सांगून थकलेल्या माणसाचा होता.

बाबा तीन आठवड्यांनी घरी आले. जिवंत आले, हे खरं. पण आता शिडीच्या चौथ्या पायरीवर त्यांना दम लागतो. उंचावरचं काम गेलं. खाली बसून ते दुसऱ्यांना भिंत सरळ आहे का बघायला ओळंबा धरायला सांगतात. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे, "पोरगी शिकलेली होती म्हून वाचलो."

ते ऐकणं मला जड जायचं. शेवटी एकदा दोघंच असताना मी सगळं सांगितलं : एक्याण्णव, बोट धुणं, न केलेला फोन. बाबा म्हणाले, "सकाळी नेलं असतं तं शिडी चढता आली असती काय?"

मी म्हणाले, "माहीत नाही, बाबा."

मला खरंच माहीत नाही. लोकांना ते अजूनही तसंच सांगतात. पण मी समोर असले तर सांगताना माझ्याकडे पाहत नाहीत.