आमची क्रॉसकंट्रीची कॅप्टन

धावल्याने सुटणार नाही अशी अडचण या जगात नाही, असं मनापासून मानणारं माणूस मी आयुष्यात एकच पाहिलं. ते म्हणजे आमच्या कॉलेजच्या मुलींच्या क्रॉसकंट्री संघाची कॅप्टन. डोकं दुखलं, धाव. सर्दी झाली, धाव. अर्थशास्त्रात नापास झालीस, दोन चकरा जास्त धाव. होस्टेलमधल्या एका मुलीचं जुळत आलेलं लग्न मोडलं आणि ती उशीत तोंड खुपसून रडत बसली, तेव्हा आम्ही सगळ्या तिच्याभोवती सांत्वनाचे शब्द शोधत होतो. कॅप्टन दारातूनच म्हणाली, "रडून नाक चोंदते. बूट घाल, चाल." गंमत म्हणजे ती मुलगी गेली, आणि तासाभराने परतली ती लालबुंद होऊन, आणि जेवायला बसली ती तिसऱ्यांदा भात मागत. लग्नाचं नाव पुन्हा काही तिच्या तोंडून निघालं नाही.

माझी आणि कॅप्टनची ओळख झाली ती मी एसटीच्या मागे धावत असताना. मी अर्जुनी मोरगावची, शिकायला गोंदियाला होस्टेलवर. शनिवारी घरी निघाले, स्टँडवर पोचले तर गाडी फाटकातून बाहेर पडत होती. पाठीवर पिशवी, हातात चपला, आणि मी "थांबवा हो भाऊ" करत मागे. गाडी थांबण्याइतकी हळू होई आणि पुन्हा पुढे सरके. चौकापर्यंत हेच चाललं. शेवटी चढले तेव्हा दारातल्या सीटवर बसलेल्या एका काळ्यासावळ्या, काटकुळ्या मुलीने माझं मनगट धरलं आणि डोळे मिटून नाडी मोजायला सुरुवात केली. ही वाटेतल्याच गोरेगावला मावशीकडे निघाली होती. नाडी मोजून झाल्यावर म्हणाली, "बरं आहे. कोन्या वर्षाले आहेस?" मग कंडक्टरनेच हसत हसत सांगितलं, "मी कवाचाच बेल मारत होतो मॅडम, हीच पोरगी म्हणून राहिली का थोडं अजून जाऊ द्या भाऊ, पाहून राहिली मी." मला इतका राग आला की गोरेगाव येईपर्यंत मी तिच्याशी बोलले नाही. तिला त्याचं काही वाटलं नाही. उतरताना म्हणाली, "सोमवारी साडेपाचले ग्राउंडवर. चपला घालून येऊ नको."

तिच्या त्या परीक्षेमागचं कारण मला नंतर कळलं. क्रॉसकंट्रीत संघाचे सहा जण धावू शकतात, पण बेरीज पहिल्या चौघांच्या नंबरांची होते. जितका आकडा लहान तितका संघ मोठा. चारपेक्षा कमी जणी पोचल्या तर संघच नाही, मग पहिल्या तिघी विजेच्या वेगाने का धावेनात. आमच्या कॉलेजात धावणाऱ्या मुली नेमक्या तीन. एक कॅप्टन, आणि दोन आमगावकडच्या मावसबहिणी, ज्या एकमेकींशी पोवारीत बोलत आणि बाकी जगाशी बोलतच नसत. मागची दोन वर्षं चौथी न मिळाल्यामुळे कॅप्टन एकटीच धावत आली होती, आणि दोन्ही वर्षी सातवी आली होती. विद्यापीठाच्या संघात पहिल्या सहा जणींना घेतात. आता तिचं शेवटचं वर्ष होतं. म्हणजे तिला दोन गोष्टी हव्या होत्या, एक सहावा नंबर आणि एक चौथी मुलगी. पहिली गोष्ट तिच्या पायात होती. दुसरी तिला एसटीच्या मागे सापडली.

कॅप्टन गोंदियाजवळच्या बिरसीची. घरची थोडी धानाची शेती, थोडी ठेक्याने केलेली. गावाला लागून विमानतळ, आणि तिथे विमान चालवायला शिकणारी पोरं दिवसभर डोक्यावरून घिरट्या घालत. सुटीच्या दिवशी सराव तिच्या गावी असे. आम्ही खाली धुऱ्यांवरून, म्हणजे शेतांच्या बांधांवरून, धावायचो आणि वर ते छोटं विमान घरघरत फिरायचं. "ते बी शिकून राहिले, आपन बी शिकून राहिलो," कॅप्टन म्हणायची. "फरक इतकाच, का आपन पडलो तं उठता येते." हे ती धावता धावता म्हणायची, कारण धावताना गप्प राहणं तिला ठाऊकच नव्हतं. शेतातल्या बायकांची विचारपूस, कोणाची म्हैस व्याली त्याची चौकशी, मावसबहिणींना हात खाली घे म्हणून दम, मला श्वास कसा सोडायचा याचं प्रवचन, सगळं एकाच दमात. ती गप्प झाली की आम्ही घाबरायचो, पण तशी वेळ येत नसे.

अंतराच्या बाबतीत तिच्यावर विश्वास ठेवणं हा शुद्ध मूर्खपणा होता. "बस, त्या पळसापर्यंत," असं ती सांगे, आणि पळस आला की म्हणे, "हा नोहे, तो समोरचा." झाडीपट्टीत पळसाला काय तोटा. वेळेच्या बाबतीतही तेच. खेळाच्या सरांनी तिला स्टॉपवॉच दिलं होतं ते तिने गळ्यात घातलं आणि कधीही दाबलं नाही. सर तसे भले गृहस्थ. मूळचे कबड्डीचे, त्यामुळे दहा किलोमीटर सलग कोणी का धावावं हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. शर्यतीआधी केळी खावी असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. ते केळ्यांची फणी घेऊन आले की कॅप्टन नम्रपणे फणी घेई, मावसबहिणींना देई, आणि स्वतः डबा उघडून भात-वरण खाई. "सर, आपन धानाचे लोक. इंजन ज्याचं त्याले तेच तेल पाह्यजे."

तिच्या बुटांवर तर स्वतंत्र प्रकरण लिहायला हवं. एकच जोड, दोन वर्षांपूर्वीचा, आणि दुकानातून आज आणल्यासारखा. कारण चिखल दिसला की ती बूट काढून गळ्यात अडकवी आणि अनवाणी धावे. पावसाळ्यात बिरसीत चिखल नाही अशी जागाच नसते, त्यामुळे त्या बुटांचा बहुतेक प्रवास तिच्या गळ्यातूनच झाला. मी एकदा म्हटलं, अगं, बूट पाय वाचवायला असतात. तिने माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "बुटं पुन्हा कोन देते? पाय धुतले का झाले नवे."

जुलैमध्ये धानाची रोवणी सुरू झाली तेव्हा तिने जाहीर केलं की आपल्या सगळ्यांच्या कमरा कच्च्या आहेत, तीन दिवस कमरेचा विशेष सराव होणार. आम्ही पाच किलोमीटर धावून एका बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, उतरलो आणि पिंडरीपर्यंतच्या पाण्यात वाकून पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, रोवू लागलो. "पाठ सरळ. श्वास घ्या. लाइन वाकडी होऊन राहिली तुझी." तिसऱ्या दिवशी धुऱ्यावरून एक म्हातारबा आला, डोक्यावर जेवणाची टोपली घेऊन. त्याने प्रेमाने आमची सगळ्यांची नावं विचारली आणि म्हणाला, "पोरीनं सांगतलं होतं, मैतरनी येतात मदतीले." तो कॅप्टनचा बाप होता आणि बांधी त्याची होती. आम्ही तिघींनी कॅप्टनकडे पाहिलं. ती पऱ्ह्यांची जुडी सोडवण्यात गढून गेली होती. पण खरं सांगते, त्या धुऱ्यावर बसून खाल्लेली तरोट्याची भाजी आणि भात मी विसरू शकत नाही. आणि कमरही सुधारली.

गोंदिया शहरात आम्ही धावू लागलो की माणसं थबकत. चार मुली पहाटे जीव खाऊन पळतायत म्हणजे काहीतरी अनर्थ झाला असणार. बाजारातल्या एका चहावाल्याने एकदा हातातलं भांडं खाली ठेवून विचारलं, "क्या हुआ बेटा, कोई पीछे लगा है क्या?" कॅप्टन न थांबता म्हणाली, "हां चाचा, युनिव्हर्सिटी." त्यानंतर तो रोज आम्हाला पाहून मागच्या रस्त्याकडे बोट दाखवी आणि म्हणे, "जल्दी, आ रही है."

त्या युनिव्हर्सिटीने आम्हाला सप्टेंबरच्या शेवटी नागपूरच्या बाहेर एका माळावर गाठलं. दोन किलोमीटरचा फेरा, असे पाच फेरे. खड्डे, बाभळी, एक कोरडा नाला. शिट्टी झाली आणि पन्नासेक मुली एकदम सुटल्या. पहिल्या फेऱ्यातच कॅप्टन आणि त्या दोघी पुढे दिसेनाशा झाल्या. तीन फेरे मी निभावले. चौथ्यात, नाल्याच्या चढावर, बरगडीखाली अशी कळ आली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. मी एका बाभळीखाली बसले. बसले म्हणजे ठरवूनच बसले. मनाशी म्हटलं, आपण काही धावपटू नव्हे, आपली फक्त एसटी चुकली होती.

तेवढ्यात मागून पावलं आली. कॅप्टन तिच्या शेवटच्या फेऱ्यात होती. तिच्या टाचांना लागून दोन नागपूरच्या मुली होत्या, माझ्या पायांसारखे चार पाय एकीला असावेत अशा धावणाऱ्या. मला वाटलं, ही आता थांबणार, मला उठवणार, आणि हिचा सहावा नंबर माझ्यामुळे जाणार. मला तेवढ्यातही रडू आलं.

ती थांबली नाही. वेगसुद्धा कमी केला नाही.

"बसली काऊन?"

"कळ येऊन राहिली," मी म्हटलं. तिच्या संगतीत माझी भाषाही तिच्यासारखी झाली होती.

"कळ तं मले बी आहे." ती पुढे निघून गेली, आणि नाला उतरताना मान न वळवता ओरडली, "चौथी तूच आहेस वं!"

बस, इतकंच. मी त्या बाभळीखाली आणखी थोडा वेळ बसले. तिचा खूप राग आला, आणि तो राग कुठेतरी न्यायला हवा म्हणून मी उठले.

पाचवा फेरा मी एकटीच धावत होते. बाकी सगळ्या पोचल्या होत्या किंवा सोडून गेल्या होत्या. मांडववाले खुर्च्या एकात एक घालत होते. अर्ध्या फेऱ्यावर दोरीच्या पलीकडे कॅप्टन उभी दिसली. पांढऱ्या टोपीतले एक पंच तिला बजावत होते, की बाहेरून साथ दिली, एक शब्द जरी बोललात, तर संघ बाद. कॅप्टनने मान हलवली, दोन्ही हात पाठीमागे बांधले, गळ्यातला नॅपकिन तोंडात कोंबला आणि दोरीबाहेरून माझ्या बरोबरीने चालू लागली. शाळा तपासायला आलेल्या साहेबासारखी. किती शब्द त्या नॅपकिनमध्ये अडकले होते ते तिच्या डोळ्यांवरून दिसत होतं. गाल फुगत होते, भुवया वर जात होत्या, मान "हात खाली घे" म्हणत होती. मला हसू फुटलं. कळ असताना हसणं ही शिक्षा असते, पण हसत हसत मी पोचले. त्रेचाळिसावी. म्हणजे शेवटची.

कॅप्टनने नॅपकिन काढला आणि म्हणाली, "उशीर केलास. भात थंडा झाला."

ती सहावी आली होती, एका पावलाने. मावसबहिणी अकरावी आणि बारावी. बेरीज बहात्तर. आमच्यापेक्षा वेगवान तीन मुली असलेल्या एका कॉलेजची चौथी अर्ध्यातून निघून गेली होती, म्हणून त्यांचा संघच धरला नाही, आणि आम्ही तिसऱ्या आलो. सरांनी बेरीज तीनदा करून पाहिली. परतीच्या गाडीत कॅप्टनने बूट काढले तेव्हा डाव्या बुटाचं आतलं कापड लाल झालेलं होतं. अंगठ्याचं नख दुसऱ्याच फेऱ्यात उखडलं होतं. मी काही बोलणार तोच ती हळहळली, "पाह्य ना, दोन वर्षं जपली होती." पायाकडे तिने पाहिलंही नाही. मोठ्या मावसबहिणीने, आयुष्यात पहिल्यांदाच, आपण होऊन मराठीत एक वाक्य उच्चारलं. "साबनानं जाईल," ती म्हणाली.

विद्यापीठाच्या संघातून कॅप्टन दूर दक्षिणेत कुठेतरी जाऊन आली. तिथे देशभरातल्या मुली होत्या आणि तिचा नंबर शंभराच्या पुढे गेला. आम्ही चाचरत विचारलं तर म्हणाली, "माह्या मागं बी पोरी होत्या. मोजल्या नाही, पन आवाज येऊन राहिला होता." आणि वर, "लोक चांगले आहेत तिकडचे. तिन्ही वेळा भात देतात." हे सांगताना ती खुशीत होती की नव्हती, ते तिच्या बोलण्यावरून मला कळलं नाही.

पुढे मी शिक्षिका झाले, आमच्याच तालुक्यात. ती वनरक्षक झाली. भरतीच्या धावण्यात पहिली आली असणार, हे वेगळं सांगायला नको. मागच्या हिवाळ्यात आम्ही शाळेतल्या चार-पाच जणी नागझिऱ्याला गेलो, तेव्हा गेटवर खाकी कपड्यांत ती उभी होती. पर्यटकांना सूचना देत होती. "अस्वल दिसो, काही बी दिसो, धावायचं नाही. धावला तो फसला." माझ्याकडे नजर गेली तेव्हा तिचं वाक्य एकदाच अडखळलं.

काम संपल्यावर ती मला नाक्यापर्यंतच्या वाटेने घेऊन गेली. मी विचारलं, "धावतेस का गं अजून?"

"जंगलात कोन धावते," ती म्हणाली. "जनावराचा माग पाहावा लागते. धावलं का दिसत नाही." आणि ती धुळीतल्या एका ठशापाशी वाकली, बराच वेळ. मग उठून सावकाश चालू लागली. मी तिच्या शेजारून चालत होते, पावलाला पाऊल जुळवून, आणि मला दम लागत नव्हता. ती बोलतही नव्हती. आधी वाटलं, काही बिनसलंय. मग लक्षात आलं, की ती ऐकत होती. कुठे सांबर ओरडतंय का, माकडं का गप्प झाली, असलं काहीतरी, जे मला ऐकू येत नव्हतं.

नाक्यावर मैत्रिणी गाडीपाशी थांबल्या होत्या. निरोप घेताना तिने माझं मनगट धरलं, थोडं दाबलं, सोडलं, आणि आल्या वाटेने परत निघाली. वळणाआड दिसेनाशी झाल्यावरही मी गाडीत न बसता तिथेच उभी राहिले. आता कोणी पाहत नाही, आता ती धावेल, असं मला वाटत होतं. वाळल्या पानांवर तिची पावलं ऐकू येत होती, एकसारखी, सावकाश. बराच वेळ ऐकू आली. मग मैत्रिणींनी हाका मारल्या आणि मी गाडीत बसले.