कोरडी पाठ

सुलेमानचाचांवर अन्याय झाला तो ज्या वर्षी कपाशी माणसाच्या डोक्याच्या वर गेली होती त्या वर्षीच्या भाद्रपदात, आर्णीच्या बाजाराच्या दिवशी, दुपारी चार वाजता. आणि तो करणारा मी होतो. सरकार नव्हे, व्यापारी नव्हे. मी, माझं पत्रक आणि रिक्षावर बांधलेला भोंगा.

ओल्या काळ्या मातीचा, कपाशीच्या पिवळ्या फुलांचा, उन्हात तापलेल्या पानांचा जो संमिश्र, आळसावलेला गंध भाद्रपदात शिवारावर तरंगत असतो, त्याच्या आत त्या वर्षी कीटकनाशकाचा तीक्ष्ण, गोडसर दर्प सुईसारखा शिरला होता, आणि फवारणीला गेलेली माणसं एकामागून एक यवतमाळच्या दवाखान्यात पोहोचत होती. आमच्या वस्तीतला किसन, दुसऱ्याच्या शेतात रोजानं फवारणारा, डोळ्यांवर पट्टी बांधून तिथे पडला तेव्हा माझ्या संतापाला एक नाव हवं होतं. त्याच्या पंपाच्या झाकणात मला सायकलच्या ट्यूबमधून कापलेलं वायसर, गळती थांबवणारी रबरी चकती, दिसलं. असली वायसरं कापून बसवणारे गावात एकच, पंपदुरुस्तीवाले सुलेमानचाचा. एवढा पुरावा मला पुरला. पत्रकाच्या मथळ्यात मी त्यांना ‘गळक्या पंपांचा कसाई’ म्हटलं. हा शब्द नेमका त्यांच्याचसाठी मला का सुचला, हे मी स्वतःला विचारलं नाही. चौकातल्या जमावाला मात्र तो बरोबर कळला. चाचांची हत्यारं गटारात गेली, दुकानाचं शटर खाली आलं. आणि त्याच पत्रकाच्या मागच्या बाजूला, लाज वाटते सांगायला, उमरखेडला होणाऱ्या माझ्या व्याख्यानाचं आमंत्रण होतं. विषय : विश्वशांती.

पुढच्या बाजाराला सकाळीच निरोप आला, दुकानासमोर ये. निरोप किसनच्या बायकोचा, वत्सलाबाईंचा होता. बंद शटरच्या पायरीवर त्या बसल्या होत्या, शेजारी तोच पंप. चाचांनाही त्यांनीच घरून बोलावून आणलं होतं. आभाळ निवळलेलं, समोरच्या कडुनिंबातून गाळून आलेलं कोवळं ऊन त्या पंपाच्या पिवळ्या टाकीवर पडलेलं. आणि नवरा दवाखान्यात असलेल्या त्या बाईच्या चेहऱ्यावर रागापेक्षा मोठं काहीतरी, ज्याला माझ्या पत्रकांत शब्द नव्हता.

“पंप तर कोरडाच होता, बापू,” त्या म्हणाल्या. “पराटी डोक्याच्या वर गेलती. फवारा वरून तोंडावर आला. लिवाच्या आधी मले इचारलं काहून नाही?”

पीडितांचा आवाज म्हणून मिरवणाऱ्या मला, ज्या घरात पीडा होती त्या घराची कडी वाजवायचं सुचलं नव्हतं.

चाचांची एक रीत होती, जी गावातल्या प्रत्येक शेतमजुराला ठाऊक होती आणि मला नव्हती. दुरुस्त केलेला पंप ते साध्या पाण्यानं भरत, स्वतःच्या पाठीवर घेत, कडुनिंबापर्यंत फवारत जात नि परत येत. मग सदऱ्याची पाठ गिऱ्हाइकाला दाखवत. पाठ ओली असेल तर पंप परत खोलायचा. त्या सकाळीही त्यांनी मुकाट्यानं टाकी भरली आणि पट्ट्यांत हात घालू लागले, तेव्हा वत्सलाबाईंनी त्यांना थांबवलं. “तुमी नाही, चाचा. त्याले घेऊ द्या.”

चाचा पहिल्यांदाच माझ्याकडे पाहून हसले. “पानीच हाय, नेते. भाषण करतानी घाम येते, तेवढंबी भिजनार नाही तुमी.”

लोक जमले होते. पट्टे खांद्यात रुतले, पाणी पाठीमागे हिंदकळलं, आणि मी कडुनिंबाकडे निघालो. त्या वीस-पंचवीस पावलांत माझी सगळी व्याख्यानं मला हलकी वाटली. परत आलो तेव्हा वत्सलाबाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला, भाकरी भाजली का हे पाहावं तसा, आणि तो कोरडा तळवा जमलेल्या माणसांपुढे धरला.

चाचांनी शटर उचललं.

दुपारी चार वाजता, त्याच चौकात, त्याच भोंग्यावरून मी चाचांचं नाव घेऊन माझा शब्द मागे घेतला. आरोप ऐकायला चौक भरला होता. माघार ऐकायला मोजकी माणसं थांबली. अजूनही काहीजण पंप घेऊन त्या दुकानावरून पुढे जातात. ते ओझं मी उतरवू शकलेलो नाही. जगातली युद्धं कशी थांबतील, ते मला आता सांगता येत नाही. एवढंच कळतं की ज्या बाईला सूड घ्यायचा सर्वांत जास्त हक्क होता, ती सत्याचं ओझं उचलून चालत बाजारात आली, आणि एका गावात त्या दिवशी शांतता झाली. उमरखेडला मी गेलो नाही. बोलण्याजोगं जे होतं, ते वत्सलाबाई बोलून गेल्या होत्या.

आता तुम्ही. चौकात, पारावर, मोबाइलवर तुम्हीही कुणाचं तरी नाव घेतलं आहे, न विचारता. ते आठवा. आणि जिथे घेतलंत तिथेच, तेवढ्याच मोठ्या आवाजात, परत घ्या. येत्या बाजाराच्या आत.